तिसऱ्या रात्रीची तयारी पहिल्या दिवशी: दारू तुटलेल्या रुग्णाची शुश्रूषा

दारूचा रुग्ण दारूचा म्हणून भरती होत नाही, हे नव्या सिस्टरांनी आधी ध्यानात घ्यावं. तो नडगीचं हाड मोडून येतो, साप चावून येतो, हर्नियाच्या ऑपरेशनला येतो, तापानं फणफणून येतो, नाहीतर फवारणीचं औषध पिऊन. केसपेपरवर दारूचा शब्दही नसतो. दवाखान्यात आला म्हणजे आपसूकच त्याची दारू तुटते, म्हणजे एकदम बंद होते, आणि तिसऱ्या रात्री वॉर्ड डोक्यावर घेतो.

माझ्या नोकरीच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बंडीवरून पडलेला पन्नाशीतला शेतकरी अस्थिरोग वॉर्डात माझ्या ड्युटीत भरती झाला. पायाला प्लास्टरचा स्लॅब, ऑपरेशन चार दिवसांनी. हिस्टरी घेताना मी विचारलं, “काही व्यसन?” शेजारी त्याचा नवा जावई उभा. “छे, छे, काहीच नाही,” म्हणाला. मीही तसंच लिहून मोकळी झाले. तिसऱ्या रात्री दोन वाजता तो पलंगावर उठून बसला. चादरीचं टोक कासऱ्यासारखं मुठीत धरलेलं, अंगावरची बनियन पिळून निघेल एवढी ओली. “अवो बाई, ढोरं घुसले ना पऱ्हाटीत, हाकला त्याईले!” असं ओरडत त्यानं मोडलेला पाय खाली टाकला आणि त्यावर उभाच राहिला. बायको म्हणाली, बाहेरचं लागलं. उशाखाली लिंबू आलं. ऑन-कॉल डॉक्टरांनी फोनवर हॅलोपेरिडॉल (भास-भ्रमावरचं औषध) सांगितलं, मी दिलं, आणि पहाटे त्याला फिट आली. माणूस वाचला, पण साधं ऑपरेशन मोठं झालं. चूक पहिल्या दिवसाची, माझ्या त्या एका शब्दाची होती. म्हणून हा लेखही पहिल्या दिवसापासूनच सुरू करते.

एक खुलासा आधीच करते. खाली औषधांची नावं आणि मात्रा आहेत त्या तुम्हाला ऑर्डर समजावी, चुकलेली ओळखता यावी म्हणून. ऑर्डर मेडिकल ऑफिसरचीच.

पायरी 1 : शेवटची कधी घेतली?

‘दारू पिता का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘नाही’ हेच असतं, आणि आपल्या भागात तर जास्तच. वर्धा जिल्ह्यात 1975 पासून, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती 2015 ते 2021 अशी होती. बंदीच्या जिल्ह्यात दारूचं नाव काढलं की माणसाला पोलीस आठवतो. मी सरळ सांगते, “भाऊ, मी काही पोलीस नाही. मला इंजेक्शनचा हिशोब बसवायचा आहे.” आणि लगेच पुढचा प्रश्न टाकते, “शेवटची कधी घेतली? काल संध्याकाळी की आज सकाळी?” पितो हे गृहीत धरून विचारलं की माणूस वेळ सांगून टाकतो. न पिणारा हसून नाही म्हणतो, त्याचं काही बिघडत नाही.

नातेवाइकांना बाहेर पाठवून विचारा. जावई, व्याही, सरपंच, कोणीही असो. मग बायकोला वेगळं, पाण्याच्या माठापाशी वगैरे गाठून विचारा. दोघांची उत्तरं जुळत नसतील तर बायकोचं धरून चाला. त्याच वेळी तिला मारहाण होते का, तेही हळूच विचारून ठेवा; ते तिला पुन्हा कोणी विचारणार नसतं.

किती पितो, याचा आकडा देशीच्या पव्व्यात मिळतो. पव्वा म्हणजे 180 मिली. मोहाच्या दारूचा आकडा मिळून उपयोग नसतो. कोणत्या भट्टीची किती कडक, हे गाळणाऱ्यालाही सांगता येत नाही. त्यापेक्षा हे तीन प्रश्न कामाचे: सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात का, चहाच्या आधी घ्यावी लागते का? मागे कधी सोडली होती तेव्हा काय झालं? तेव्हा फिट आली होती का, भास झाले होते का? मागच्या वेळी झालं असेल तर या वेळी होण्याची शक्यता जास्त, आणि दर वेळी दारू तुटताना त्रास आधीपेक्षा वाढत जातो. श्रावणात एकदम बंद करणारे, देवापुढे शपथ घेऊन आलेले, घरच्यांनी दोन दिवस खोलीत कोंडून ठेवलेले, असे लोकही येतात. शपथेचं कौतुक करा, पण घड्याळ लावा.

शेवटच्या घोटाची तारीख-वेळ केसपेपरच्या पहिल्या पानावर, अ‍ॅलर्जी लिहितो तिथं, लाल शाईनं लिहा. ड्युटी बदलताना ओव्हर देता तेव्हा तोंडी सांगा. ‘दारुड्या आहे, बेड नंबर 6’ असं नाही. ‘बेड 6, शेवटची दारू काल रात्री नऊ, आता 20 तास झाले’ असं.

पायरी 2 : घड्याळ वाचायला शिका

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा-आठ तासांत हाताला कंप, घाम, मळमळ, धडधड, चिडचिड सुरू होते. रोज खूप पिणाऱ्याला तर तोंडाला वास येत असतानाच सुरू होऊ शकते, म्हणून ‘अजून नशेतच आहे’ म्हणून सोडून देऊ नका. 12 ते 24 तासांत काहींना भास होतात. मुंग्या चालताना दिसतात, कोणी हाक मारल्यासारखं वाटतं. पण आपण कुठे आहोत याचं भान त्याला असतं. फिट बहुतेक पहिल्या 48 तासांत येते. आणि 48 ते 96 तासांत तो खरा भ्रम, ज्याला आपण डीटी म्हणतो: स्थळ-काळाचं भान जातं, ताप चढतो, नाडी पळते, बीपी वाढतं, घामानं गादी भिजते. यात उपचार न मिळाले तर माणूस दगावतो.

भ्रमात माणूस बरेचदा आपलं रोजचं काम करत असतो. ड्रायव्हर स्टेअरिंग फिरवतो, शिंपी सुई ओवतो, आमचा तो शेतकरी ढोरं हाकत होता. हे एकदा पाहिलं की पुन्हा ‘बाहेरचं’ वाटत नाही.

दारू तुटल्याचा त्रास किती, हे गुणांत मोजण्यासाठी सीवा (CIWA) नावाचं स्केल आहे. दहा गोष्टी: मळमळ, कंप, घाम, अस्वस्थता, चुळबुळ, स्पर्शाचे, आवाजाचे आणि डोळ्यांचे भास, डोकेदुखी आणि भान. एकूण गुण 67. आठच्या खाली सौम्य, 8 ते 15 मध्यम, 15 च्या वर गंभीर. कंप बघायचा तर हात समोर करून बोटं फाकवायला सांगा. कंप डोळ्याला दिसला नाही तर आपल्या बोटांची टोकं त्याच्या बोटांना लावून बघा, जाणवतो. हे स्केल बोलू शकणाऱ्या माणसासाठी आहे. पूर्ण भ्रमात गेलेल्याचे गुण मोजत बसू नका, डॉक्टरांना उठवा.

पुस्तकात लिहिलेलं असतं की दर तासाला स्कोअर काढा आणि त्याप्रमाणे डोस द्या. तीस खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात नाईटला एक सिस्टर आणि एक मावशी, त्यात लेबर रूमही आपल्याकडेच. तिथं ते होत नाही, खोटा स्कोअर मात्र भरला जातो. माझं मत असं: अशा ठिकाणी ठरलेल्या वेळांचा, रोज कमी होत जाणारा डोस डॉक्टरांकडून लिहून घ्या, ‘गरज पडल्यास जादा’ची ऑर्डरही संध्याकाळीच घेऊन ठेवा, आणि नाडी, बीपी, श्वास, तापमान मात्र खरंखुरं बघा. सुरुवातीला दर एक-दोन तासांनी, नंतर चार तासांनी.

पायरी 3 : ग्लुकोजच्या आधी थायामिन

नातेवाईक म्हणतात, “म्याडम, कमजोरी आली त्याले, सलाईन लावा.” आपणही डीएनएसची, म्हणजे ग्लुकोज असलेल्या सलाईनची, बाटली टांगतो. थांबा. आधी बोटाची शुगर बघा. दारूवर जगणाऱ्याच्या पोटात अन्न कमी आणि अंगात थायामिन म्हणजे बी-1 फार कमी असतं. त्यात नुसतं ग्लुकोज गेलं तर उरलंसुरलं थायामिनही खर्ची पडतं आणि मेंदूला इजा होऊ शकते. वर्निकेचा आजार तो हाच: गोंधळ, डोळ्यांची हालचाल बिघडणं, चालताना झोकांड्या. तिन्ही एकदम दिसतीलच असं नाही, आणि झोकांड्या बघून लोक ‘पिऊन आला’ म्हणतात.

म्हणून थायामिन 100 मिलिग्रॅम आधी, शिरेतून किंवा स्नायूतून, मग ग्लुकोज. वर्निकेची शंका असेल तर डॉक्टर 500 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा अशी मोठी मात्रा लिहितात. ती 100 मिली नॉर्मल सलाईनमध्ये अर्ध्या तासात सोडायची. सुरुवातीला गोळीवर विसंबू नका, अशा आतड्यातून ती नीट शोषली जात नाही. आणि पिवळ्या सलाईनवरही नाही. मल्टिव्हिटॅमिनचा रंग चांगला दिसतो, पण त्यातलं थायामिन एवढ्याला पुरत नाही. शुगर धोकादायक खाली असेल तर मात्र थायामिन शोधण्यात वेळ घालवू नका. ग्लुकोज लगेच, थायामिन त्याच्याबरोबर.

पायरी 4 : शांत करणारं औषध

मुख्य औषध बेंझोडायझेपिन गटातलं. तोंडानं घेत असेल तर क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम. कावीळ असेल, लिव्हर खराब असेल, वय जास्त असेल तर लोराझेपाम, कारण ते अशा लिव्हरमध्ये कमी साचतं. शिरेतून डायझेपाम द्यायचं तर हळू, मिनिटाला 5 मिलिग्रॅमपेक्षा जोरात नाही. स्नायूत डायझेपाम देऊ नका, ते किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो. शीर मिळतच नसेल तर मिडाझोलाम स्नायूतून देता येतं, डॉक्टरांना तसं सुचवा. लोराझेपामचे अँप्युल फ्रिजमध्ये असतात. लोडशेडिंगमध्ये तो फ्रिज किती वेळ बंद होता, हेही बघत जा.

प्रत्येक डोसाच्या आधी दोन गोष्टी. हाक मारल्यावर डोळे उघडतो का? श्वास मिनिटाला किती? 12 च्या खाली असेल किंवा हलवूनही नीट जागा होत नसेल तर डोस थांबवा, डॉक्टरांना कळवा. हवा आहे तो जागा होणारा झोपाळूपणा, घोरणारी बेशुद्धी नव्हे.

तिसरी गोष्ट कोणत्याच पुस्तकात नाही, पण आपल्याकडे हवीच: तोंड उघडून बघा. गालात खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) असतो. तो गालात धरूनच माणसं झोपतात, आणि औषधानं गुंगी आली की तोच श्वासनलिकेकडे जाऊ शकतो. मी हातमोजा घालून दोन बोटांनी काढते आणि कागदाच्या पुडीत बांधून बायकोच्या हाती देते. आरडाओरडा होतो, होऊ द्या.

हॅलोपेरिडॉल एकट्यानं देणं ही माझी जुनी चूक. त्यानं फिट यायला वाट मोकळी होते. डॉक्टरांनी भासांसाठी लिहिलंच तर बेंझोडायझेपिन आधी पोचलंय ना, ते विचारा. विचारण्यात उद्धटपणा काही नाही.

पायरी 5 : दारूचंच आहे ना?

इथं घाई नको. ‘पितो’ हे कळलं की बाकी सगळं दारूच्या खात्यावर टाकायची सवय लागते, आणि तिथं माणसं हातची जातात.

डोक्याला मार. पिऊन पडलेल्याच्या केसांतून बोटं फिरवून टेंगूळ शोधा. फिट पहिल्यांदाच आलेली, अंगाच्या एकाच बाजूला आलेली, पुन्हा पुन्हा येणारी किंवा 48 तासांनंतरची असेल तर सीटीसाठी रेफर करायला सांगा.

ताप. डीटीत ताप येतो, पण गडचिरोलीकडे भ्रमिष्ट तापकऱ्याची मलेरियाची रॅपिड टेस्ट केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मे महिन्यात, चंद्रपूर 45 अंशांवर तापलेलं असताना, उष्माघातही मनात हवा.

लिव्हर. लिव्हर निकामी होऊन भ्रमलेला रुग्ण सुस्त असतो. हात पुढे करून मनगटं वर वळवायला लावली की पंजे पंखासारखे फडफडतात. त्याला झोपेचं औषध दिलं तर आणखी बिघडतो. शौच काळी आहे का, तेही विचारा.

नजर. ‘धुकं दिसते’, ‘पांढरं पांढरं दिसते’ असं कोणी म्हणालं, त्यातून एकाच भट्टीवरचे दोघं-तिघं आले, तर मिथेनॉलची विषबाधा समजून त्याच क्षणी 108 बोलवा.

आता आपल्या कापूसपट्ट्यातला खरा पेच. फवारणीचं ऑर्गॅनोफॉस्फेट हे कीटकनाशक प्यायलेला रुग्ण, विषावरचा उतारा म्हणून दिलेल्या अ‍ॅट्रोपिनवर आहे. तिसऱ्या दिवशी बडबडायला लागतो, कपडे ओढतो. अ‍ॅट्रोपिन जास्त झालं, की दारू तुटली? पिताना दारूत मिसळूनच प्यायलेले कितीतरी असतात, त्यामुळे दोन्ही शक्य. नाडी दोन्हीत पळते, डोळ्यांच्या बाहुल्या दोन्हीत मोठ्या. मी कातडीला हात लावते. काख कोरडी, जीभ कोरडी, अंग तापलेलं, पोटावर स्टेथो ठेवला तर आतडी शांत: अ‍ॅट्रोपिनकडे बोट जातं. काख ओली, हाताला कंप: दारूकडे. आणि घाम, लाळ, छातीत घरघर, बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या तर विषच परत उसळलंय. ही तीन चित्रं वेगळी ओळखून डॉक्टरांना फोनवर नीट सांगता आली, तर रात्रीचा अर्धा निर्णय तुम्हीच केलेला असतो. ‘सर, पेशंट इरिटेबल आहे’ एवढंच सांगितलं तर झोपेतल्या डॉक्टरांना काही कळत नाही.

पायरी 6 : पलंग, दिवा आणि माणसं

पलंग नर्सिंग स्टेशनजवळचा द्या, कोपऱ्यातला नको. रात्री मंद दिवा चालू ठेवा. अंधारात सावल्यांची माणसं होतात. दर वेळी जवळ जाताना नाव सांगा, “मी सिस्टर, हा दवाखाना, आज बुधवार.” भास झाले तर ‘काही नाहीये तिथं’ म्हणून वाद घालू नका, आणि ‘हो हो, हाकलली ढोरं’ म्हणून सूरही मिळवू नका. “मला दिसत नाहीत, पण तुम्हाला भीती वाटतेय हे कळतंय,” एवढं पुरे. जवळ एकच नातेवाईक, शांत असलेला. लिंबू-अंगारा करायचा तर करू द्या, औषध थांबायला नको आणि धूर नको, एवढीच अट घाला.

पलंगाजवळून स्टीलचा तांब्या, काच, मोकळं सलाईन स्टँड उचला. हँड सॅनिटायझरची बाटली आणि ड्रेसिंग ट्रॉलीवरचं स्पिरिट कुलपात टाका. हसू नका, पितात.

हात-पाय दुपट्ट्यानं बांधायची पद्धत अजून आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 मध्ये दारू आणि नशेशी जोडलेले मानसिक त्रासही येतात, आणि बांधणं हा त्यात शेवटचा, डॉक्टरांच्या लेखी परवानगीचा आणि थोड्या वेळेपुरता उपाय आहे. शिक्षा किंवा आपली सोय म्हणून कधीच नाही. कायदा बाजूला ठेवला तरी बांधलेला माणूस जास्त झटतो, त्याचा ताप वाढतो, उलटी आली तर गुदमरतो. औषध पुरेसं पोचलं असेल तर बहुतेक वेळा दुपट्टा लागत नाही. तुम्ही स्वतः मात्र दाराच्या बाजूनं उभ्या राहा, गळ्यातली ओळखपत्राची दोरी काढून ठेवा, आणि एकटीनं अंगावर जाऊ नका.

फिट आलीच तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, नाकाला कांदा-चप्पल नको, वेळ बघा, शुगर बघा. पाच मिनिटांत थांबली नाही तर शिरेतून औषध आणि डॉक्टर, दोन्ही एकदम.

पाणी, ओआरएस, मऊ भात-वरण थोडं थोडं चालू ठेवा. उलट्या-घामानं पोटॅशियम, मॅग्नेशियम उतरतं. तपासणी होत नसेल तिथं डॉक्टरांना निदान आठवण तरी करा.

गांजा आणि खर्रा बंद झाल्यानं चिडचिड आणि झोपमोड होते, जिवाला धोका नसतो. अफूच्या जातीची औषधं किंवा इंजेक्शनं घेणाऱ्याला जांभया, वाहतं नाक, अंगावर काटा, जुलाब, अंगदुखी होते. हाल फार, पण त्यात बहुधा पाणी आणि धीर सांभाळला की निभावतं. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेणाऱ्याच्या गोळ्या एकदम बंद झाल्या तर मात्र दारूसारख्याच फिट येतात. म्हाताऱ्यांच्या पिशवीतल्या पट्ट्या तपासा.

पायरी 7 : सुट्टीच्या दिवशी

पाच-सात दिवसांनी माणूस शांत बसून दाढी करतो आणि घरच्यांना वाटतं, सुटली. सुटलं ते अंगातून. मनाचं काम आता सुरू होतं. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाची तारीख चिठ्ठीवर लिहून द्या. मानसिक आरोग्याच्या टेलिमानस हेल्पलाइनचा 14416 आणि नशामुक्तीचा 14446, हे दोन्ही नंबर मुलाच्या मोबाईलमध्ये तुमच्यासमोर सेव्ह करून घ्या. गडचिरोलीत मुक्तिपथ या दारू-तंबाखूमुक्तीच्या उपक्रमाचं काम 2016 पासून चालू आहे, तिकडच्या रुग्णांना तेही सांगा. गावच्या आशा ताईला फोन करा, पण रुग्णाला विचारून.

उरलेल्या गोळ्या द्यायच्या तर दोन-तीन दिवसांच्याच, आणि बायकोच्या किंवा आईच्या हातात. वर दारू घेतली तर श्वास थांबू शकतो, हे दोघांनाही बसवून सांगा.

बायका हमखास हळूच विचारतात, “त्याले न सांगता चहात टाकाची पावडर भेटते म्हणे?” भेटते. त्यात डायसल्फिराम (दारू सोडवायचं औषध) असलं आणि वरून त्यानं दारू घेतली तर बीपी कोसळून माणूस जाऊ शकतो. हे औषध रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, शेवटच्या घोटाला किमान 12 तास झाल्यावर, डॉक्टरांच्या देखरेखीतच चालतं. तिला रागावू नका. सगळं करून थकलेली असते.

आणि सुट्टीच्या कार्डावर निदानाखाली एक ओळ स्वतःच्या हातानं लिहा: ‘दारू बंद झाल्यावर तिसऱ्या रात्री भ्रम, एक फिट, पुढच्या भरतीत पहिल्याच दिवशी थायामिन व औषध सुरू करावे.’ कार्ड पन्नीत घालून रेशनकार्डासोबत ठेवायला सांगा. घरातली बाकी कागदं हरवतात, रेशनकार्ड हरवत नाही. माझ्या हातच्या अशा एका कार्डाचा रुग्ण तीन वर्षांनी दुसऱ्याच तालुक्यात साप चावून भरती झाला, आणि तिथल्या सिस्टरनं रात्री मला फोन करून विचारलं, “म्याडम, लोराझेपाम सुरू करायला सांगितलंय सरांनी, आणखी काय बघू?” मी म्हटलं, तोंड उघडून बघ.